रविवारी न वाहणारी झुळूक

"केंद्र इथेच येणार, लिहून ठेवा!" वेधशाळेतल्या तरुण निरीक्षकाने सकाळीच छातीठोकपणे जाहीर केलं. हवामानाची यंत्रं बनवणारी एक बडी कंपनी संशोधन केंद्रासाठी जागा शोधत गावोगाव फिरत होती. ते इथे आलं, तर त्याची तीन-तीन महिन्यांची नोकरी कायम होणार होती. नाहीतर एकतीस तारखेला बोऱ्याबिस्तरा!

त्याने दारूगोळा भरपूर जमवला होता. इकडे समुद्र, तिकडे डोंगर, मध्ये विद्यापीठ, बंदर, विमा कंपन्या... कंपनीच्या पाहुण्या बाई ऐकत होत्या, पण दूरच्या नातेवाइकाच्या मूतखड्याची हकिगत ऐकावी तशा.

"समुद्र काय हो, पुष्कळांकडे असतो. तुमच्याकडेच आहे असं काय?"

निरीक्षकाने हुकमाचं पान टाकलं. सहा वर्षांचा आलेख! पारा रोज दुपारी बारा-दहाला निदान चार अंशांनी उडी मारायचा आणि वीस मिनिटांत गुपचूप जागेवर येऊन बसायचा. आकडे आपोआप संगणकात जात. त्यावर याने चाळीस पानी निबंध ठोकला होता : 'मध्यान्हीची डोंगरी झुळूक'.

बाई खुर्चीतून उठल्याच. "रोज? रविवारीसुद्धा?"

"रविवारी नसते."

"का बरं?"

"विश्रांती घेत असावी."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही नसते."

"म्हणजे सरकारी वारा आहे!" वेधशाळेचे संचालक म्हणाले आणि एकटेच हसले.

बाराला सगळे अंगणातल्या पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीभोवती जमले. तापमापक तिच्यातच असे. बाईंनी बोट ओलं करून हवेत धरलं. संचालकांनी रुमाल. बारा-आठ... बारा-नऊ...

"सरका, सरका! चटका बसेल!"

सफाईवाल्या मावशी वाफाळतं पातेलं घेऊन आल्या. कोपराने पेटीचं दार उघडलं आणि पातेलं आत सरकवलं.

"मावशी! हे काय?"

"सूप. तुम्हा सगळ्यांचंच. इथे हवा खेळती राहते, मांजर पोचत नाही. सहा वर्षं इथेच गार करतेय."

निरीक्षकाने डोळे मिटले. नोकरीला लागल्यापासूनची तीन वर्षं तो आपल्या निबंधाचा विषय रोज दोन-दोन वाट्या पीत होता!

"कधी उशीर?" बाईंनी विचारलं.

"उशीर कसा करीन? साडेबाराला ही सगळी जेवायला टपकतात. तोंडं भाजतील ना!"

बाईंनी आलेख पुन्हा चाळला. सहा वर्षांत एका मिनिटाचाही फरक नाही! "यंत्रं तपासायला आम्हाला रोज ठरल्या वेळी, ठरलेली उडी हवी असते. प्रयोगशाळेत लाखो ओतूनही जमलं नाही हो आम्हाला. ठरलं! केंद्र इथेच."

पंधरा दिवसांत कायम नोकरीचं पत्र आलं. मावशींच्या नावाने. निरीक्षकाला तीन महिने वाढवून मिळाले, मावशींच्या हाताखाली.

पहिल्याच दिवशी त्याने वही उघडली. "मावशी, गुरुवारी उडी साडेपाच अंशांची का असते?"

मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"कंत्राटी माणसाला असलं सांगत नाही मी."