अर्डिथचा दिवा

डेल्मर हॉकस्टेटलर म्हणजे इंडियानातल्या आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन. त्याने एखादी गोष्ट जाहीर केली, की ती झालीच म्हणून समजायचं! निदान तो तरी तसंच समजायचा.

"चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात मी ही क्लॅरिनेट वाजवणार!" दिवाणखान्यातल्या दिव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

दिवाच होता तो. कधीकाळी शाळेच्या बँडमध्ये वाजलेली ती धातूची क्लॅरिनेट. डेल्मरच्या बायकोच्या, अर्डिथच्या वडिलांनी तिच्या डोक्यावर बल्ब आणि शेड बसवून लेकीला लग्नात दिली होती. गेली चाळीस वर्षं अर्डिथ त्याच उजेडात विणकाम करत होती.

"आणि तळघरात सतरा पडल्यात त्या?" ती म्हणाली. "त्यातली एक तरी वाजली का रे आजवर?"

"त्यांची तब्येत नाजूक आहे!"

"हे बघ, घे माझा दिवा. पण नाही वाजली, तर दिवा मला परत. आणि त्या सतरांचं काय करायचं ते मी ठरवणार!"

डेल्मरने तळघराच्या दाराकडे पाहिलं. एकेक क्लॅरिनेट त्याने जुन्या बाजारांतून जिवापाड जपून आणली होती. पण बायकोपुढे माघार घेईल तर तो डेल्मर कसला!

"कबूल!"

तीन आठवडे तो तळघरातून वर आला तो फक्त जेवायला. नळी घासून लख्ख केली. भोकांवर बसणाऱ्या गाद्या गोंद गरम करून चिकटवल्या. हवा कुठून गळते ते बघायला नाताळच्या झाडावरची बारीक दिव्यांची माळ नळीत सोडली. माळेला बटणाएवढी बॅटरी. ज्या गादीखालून उजेड डोकावेल ती गळकी! शेवटी सगळा उजेड आत कोंडला गेला. त्याने फुंकून पाहिलं, तर शेजाऱ्यांचा कुत्रा चक्क रडला नाही. डेल्मरचे डोळे भरून आले.

चार जुलैला त्याने क्लॅरिनेट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि भाजलेली कणसं हाणायला गेला. दोन तासांनी येऊन बघतो तो काय! बंद गाडीत उन्हाने गोंद वितळलेला आणि गाद्या जागच्या हललेल्या! त्याने घाईघाईने माळ आत सरकवली, डोक्यावर कोट घेतला आणि अंधारात एकेक गादी दाबून बसवू लागला.

"डेल्मर!" गावच्या बँडची प्रमुख ग्लेंडा ओरडली. "कोटात तोंड खुपसून काय करतोयस? सगळे बसलेत की!"

"आलो, आलो!"

तोंडाचा भाग खटकन बसवून तो पळाला. माळ आतच!

पहिली तीन गाणी ढोलांच्या दणक्यात निभावली. मग सूर्य कोर्टाच्या इमारतीमागे गेला, मंडपात अंधारलं आणि ग्लेंडाने डेल्मरकडे काठी रोखली. त्याचा सोलो!

डेल्मरने जीव ओतून फुंकर मारली. आवाज आला तो उशीखाली दाबलेल्या बदकाचा. पण त्याने बोट उचललं आणि भोकातून उजेडाची तिरीप बाहेर पडली! दुसरं उचललं, दुसरी तिरीप! तळाच्या कर्ण्यातून ग्लेंडाच्या हनुवटीवर प्रकाश पडला.

सारं मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या! सुरांना दाद मिळतेय असं समजून डेल्मर डोळे मिटून वाजवतच राहिला. वाकून नमस्कार केला तेव्हा कुठे त्याला आपला लखलखता हात दिसला.

खाली उतरला तर त्याच्याभोवती ही गर्दी!

"डेल्मर, मला असाच एक हवा!" बेकरीवाली एल्वायरा म्हणाली. "पलंगाजवळ ठेवायला!"

"अहो, ही क्लॅरिनेट आहे!"

"असू दे. मला चालेल!"

अर्डिथ कागदी रुमालावर भराभर नावं लिहून घेत होती.

"अर्डिथ, पण वाजली ना ती?" त्याने केविलवाण्या आवाजात विचारलं. "थोडी तरी?"

"उजेड छान पडला." तिने रुमालावरची नावं मोजली. "सतरा दिवे झाले. पण आधी माझा जोडून दे. स्वेटरची एक बाही राहिलीय."