मोकाशी काकांचा 'बिस्टो'

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, बेलवलीतल्या आमच्या वाचनालयात मोकाशी काकांवर अन्याय झाला. त्यांनी दिलेले चार जाडजूड इंग्रजी शब्दकोश कमिटीने हार घालून, फोटो काढून स्वीकारले आणि पाहुणे पांगताच गोणीत भरून जिन्याखाली टाकले.

काका विक्षिप्त आहेत, हे मी लपवत नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते हेडक्लार्क होते. रिटायर होणाऱ्या प्रत्येकाचं इंग्रजी मानपत्र तेच टाइप करायचे. त्यात 'बिस्टो' (bestow) हे क्रियापद ठरलेलं. एकदा साहेब म्हणाले, "अहो, सरळ 'गिव्ह' लिहा की!" काकांनी शब्दकोशच टेबलावर आपटला. "स्टो म्हणजे जुन्या इंग्रजीत जागा. बिस्टो म्हणजे मुळात वस्तू जागेवर ठेवणं. सन्मानाने देणं हा अर्थ मागाहून आला. नुसतं हातात कोंबलं की झालं?"

तेव्हापासून काका मानपत्र द्यायला घरी जायचे, पिशवीत हातोडी आणि खिळे. फ्रेम टांगल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या सिंधी फ्रेमवाल्याने टोमणा मारला, "साईं, दे दिया तो दे दिया! अब दीवार भी आप ढूंढोगे?"

"ढूंढेंगे," काका म्हणाले.

बाबा त्याच कारखान्यातून रिटायर झाले, तेव्हा काकांनी दिलेलं घड्याळ टांगताना आमच्या भिंतीचा अर्धा हात गिलावा पडला. आई कडाडली, "भाऊजी, घड्याळ द्यायला आलात की घर पाडायला?"

"थांबा वहिनी, जागा सापडतेय."

काकू गेल्यापासून दर गुरुवारी ते घड्याळ सरळ आहे का, ते बघायला येतात. सरळच असतं. मी वैतागायचे. सोमवारी ते अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ कुणाची तरी फ्रेम बघतात, शनिवारी उल्हासनगरला. दिलेल्या वस्तूंना भेटायला हा माणूस तीन गावं फिरतो, हे मला परवा कळलं. जिन्यापाशी उभे राहून म्हणाले, "फळीवर असते ना, तर रोज येऊन बसलो असतो गं. गोणीला भेटायला कसा येऊ?"

मी कमिटीला जाब विचारला. उत्तर मिळालं, "फळी रिकामी नाही." जाऊन पाहिलं. खिडकीजवळच्या अख्ख्या फळीवर कमिटीच्याच सत्काराच्या ट्रॉफ्या!

सभासद असाल, तर उद्या संध्याकाळी वाचनालयात या. ट्रॉफ्या तुम्ही उतरवा, शब्दकोश काका लावतील. आणि फळीजवळ बसायला काही नाहीये. येताना घरून एक खुर्ची आणा, परत न नेण्यासाठी.