शेरा लिहिल्याशिवाय सही नाही

सोनकुसरे काका सिनेमाला एकटेच जातात आणि तिकिटं दोन काढतात. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचं हेल्मेट बसतं. हेल्मेट पूर्ण सिनेमा पाहतं, मध्यंतरात जागचं हलत नाही, आणि काकांच्या मते ते थिएटरातल्या बहुतेक प्रेक्षकांपेक्षा बरं वागतं, कारण त्याचा मोबाइल वाजत नाही. कोणी विचारलंच, "इथे कोणी आहे का?" तर काका पडद्यावरची नजर न काढता सांगतात, "मानूस येऊन राहिला."

तो माणूस दीड वर्षात आलेला मी पाहिला नव्हता. दीड वर्ष म्हणजे मी नागपूरजवळच्या वाडीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले तेव्हापासून.

काकांचं उभं आयुष्य अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलं. तिथे त्यांचं काम बिल्टीचं. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारी पावती. माल उतरवून घेणारा तिच्या पाठीवर शेरा लिहितो, मग सही करतो. खोका दबला, पोतं फाटलं, काच तडकली, जे असेल ते तिथेच आणि तेव्हाच लिहायचं. एकदा कोरी सही केली की मग तक्रार चालत नाही. कंपनीत संगणक आले तेव्हा छापील बिल्टी बुकं रद्दीत निघाली. काकांनी ती पोत्यात भरून घरी आणली, कार्बनसकट. निवृत्त झाल्यावर त्यांचं एकच काम उरलं. सिनेमा, पुस्तक, गाणं, मैफल, जे काही आयुष्यात येईल ते उतरवून घ्यायचं आणि पाठीवर शेरा लिहायचा.

मला त्यांनी दाखवलेली पहिली बिल्टी एका देशभक्तीच्या सिनेमाची होती. त्या सिनेमावर सगळं नागपूर रडून आलं होतं. बिल्टीवर लिहिलं होतं: "नग एक. वजन तीन तास. पॅकिंग एक नंबर. उघडून पाहता आत माल नाही."

मी त्याच क्षणी त्यांची भक्त झाले.

कारण मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा कामगार संघटनेत, त्यामुळे आमच्याकडे परीकथांच्या आधी मागण्या आल्या. गोल बोलणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून संशय येतो. आणि आजचा काळ असा की पुस्तक प्रकाशित व्हायच्या आधीच त्याची स्तुती छापून तयार असते. लेखक लेखकाची पाठ खाजवतो, तो दुसरा वळून पहिल्याची खाजवतो, आणि वाचक दोघांच्या पाठी पाहत बसतो. अशा काळात वाडीतल्या एका गल्लीत एक म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बक्षीस मिळालेल्या कादंबरीबद्दल लिहितो: "पाने चारशे. नायक पान तीनशेपर्यंत खिडकीत उभा. बसायला सांगणारे कोणी नाही. माल परत पाठवला."

एका नव्या गायकाची आठ गाणी मी त्यांना मोठ्या हौसेने ऐकवली. शेरा आला: "आठ खोके, एकच माल." सतारीच्या मैफलीला घेऊन गेले, तर: "खोका उघडायला चाळीस मिनिटं. आत माल नाजूक आणि खरा. वाहतूक करणाऱ्याने बोलू नये, वाजवावे."

मी म्हटलं, "काका, हे आपण छापू. चार पानी पत्रक काढू, दर महिन्याला."

"छापू नोको," काका म्हणाले. "बिल्टी छापून वाटाची वस्तू नाही पोरी. ते मालासंग जाते. ज्याचा माल, त्याच्याच हाती."

एक मात्र होतं. "माल सुस्थितीत मिळाला" असा कोरा, साफ शेरा त्यांनी आजवर कशालाच दिला नव्हता. एकदा एका साध्या सिनेमात, दोन म्हाताऱ्या बहिणींच्या गोष्टीत, त्यांनी तीन वेळा चष्मा काढून पुसलेला मी पाहिला. मला वाटलं, आज मिळणार. बिल्टीवर आलं: "माल चांगला. कोपऱ्यात ओल."

"ओल कुठून आली?" मी विचारलं.

"रस्त्यात लागते," काका म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

जिन्याच्या वळणावर एक फळी आहे, तिच्यावर गोणपाटात शिवलेलं एक पार्सल असायचं. वर काळ्या रंगाने, गोदामाच्या जाड अक्षरात: "मधू पौनीकर, नागपूर. स्वतः येऊन नेणे." मी एकदा विचारलं तर काका म्हणाले, "न उचललेला माल आहे. हात नोको लावू." मला वाटलं, कंपनीचं काही राहिलं असेल. पण हे पार्सल जाड होत होतं. महिन्यातून एकदा काका दाभण घेऊन जिन्यात बसत, शिवण उसवत, आणि थोड्या वेळाने पुन्हा शिवत.

उलगडा काकूंनी केला, तोही संत्री सोलता सोलता.

"मधू म्हंजे याचा दोस्त. उमरेडले दोघायच्या घरी माग होते, भिंतीले भिंत. दोघायचे बाप लुगडी विनत. हे दोघं मागाखाली बसून मोठे झाले. मग हा गोदामात लागला, तो कचेरीत. पन सिनेमा संगच. मी गेली होती एकदा त्यायच्या संग. अर्धा सिनेमा हे दोघं भांडले, अर्धा यानं पेन शोधला."

चार वर्षांपूर्वी मधूकाका निवृत्त झाले आणि त्यांनी गायला सुरुवात केली. स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली आठ गाणी. पहिला कार्यक्रम झाला तेव्हा दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. लोकांनी लिहिलं, अप्रतिम, स्वर्गीय, शब्द नाहीत. सोनकुसरे काकांनीही लिहिलं, आपल्या सवयीने. आभार मानायला उठलेल्या गृहस्थांना वाटलं की निवडक अभिप्राय वाचून दाखवावेत. त्यांनी वही उघडली आणि माईकवर, भरल्या सभागृहात, जे हाती आलं ते वाचलं:

"नग आठ. पैकी सहा फुटके. दोन शाबूत. पुढच्या खेपेस नीट बांधून पाठवावे. सही, सोनकुसरे."

"लोक हसले," काकू म्हणाल्या. "मधू नाही हसला. तेव्हापासून बोलून नाही राहिला."

"पण काका खरंच बोलले ना?" मी म्हटलं.

काकूंनी संत्र्याची फोड माझ्या हातात ठेवली. "खा," त्या म्हणाल्या.

काकूंनी हे सांगितलं आणि पंधरा दिवसांत निमंत्रण आलं. मधूकाकांचा दुसरा कार्यक्रम, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, रामदासपेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात. कार्डाच्या तळाशी बॉलपेनने लिहिलं होतं: "सोनकुसरेने यावे. पेन घरी ठेवावा."

काका ते कार्ड घेऊन तीन दिवस घरात फिरले. कार्ड देवाजवळ ठेवलं, तिथून काढून फ्रिजवर ठेवलं, तिथून खिशात.

"पुन्हा खराब गायला तं?" चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं.

"तर तसं सांगायचं."

"आनि तो पुन्हा गेला तं?"

"काका, सत्याची किंमत असतेच. तुम्ही झुकू नका. तुम्ही जर खोटी वाहवा केली तर मी वरची खोली सोडीन."

"सोड ना वं. तुह्या कागदायनं अख्खा जिना भरला आहे."

पण ते हसले नाहीत. मला आत नेऊन काकू हळूच म्हणाल्या, "त्याले आगीत काहून ढकलून राहिली वं? तुले खरं बोलाले आखी दुनिया पडली आहे. त्याले मधू एकच आहे."

मी खूप वाद घातला आहे आयुष्यात. त्या दिवशी मात्र मी जिन्यातले माझे कागद आवरायला गेले.

रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. खिशाला शाईचा जुना डाग होता आणि खिसा रिकामा. काकू आल्या नाहीत. "मी ऐकलं आहे एकदा," त्या म्हणाल्या, "पुरे." मी मागे बसले. स्कूटरवर काकांच्या पायांमध्ये ते गोणपाटाचं पार्सल होतं. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आम्ही रामदासपेठेत पोचलो. हॉलमध्येही त्यांनी दोन खुर्च्या धरल्या. एकीवर हेल्मेट ठेवायला गेले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते माझ्याकडे दिलं आणि खुर्चीवर पार्सल ठेवलं.

दाराशी अभिप्रायाची वही नव्हती. मधूकाका शिकले होते.

उंच, सडपातळ माणूस, केस नको तितके काळे केलेले. आवाज मात्र गोड. पण प्रत्येक गाणं शांतपणे सुरू व्हायचं आणि दुसऱ्या कडव्यापासून पळायला लागायचं. तबलेवाला मागून धावत यायचा. मधूकाका एकेक गाणं असं संपवत की जणू बाहेर रिक्षा थांबलीय. मी काकांकडे पाहिलं. पेन नसल्यामुळे ते बोटं मिटत होते. एक फुटकं गाणं, एक बोट.

पाचव्या गाण्याला त्यांची बोटं चारावरच थांबली. त्यांचे पाय हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा, खुर्चीखाली, नेमके त्या पळणाऱ्या लयीत.

"याच्या बापाचा माग असाच पळे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "दिवसभर बरा चाले. उन्ह उतरलं का पळत सुटे. दिवा लावाच्या आंधी लुगडं पुरं कराचं राहे त्याले."

"म्हणजे ही चूक नाही?"

"चूक आहे ना वं. कोनाची आहे थे समजलं फक्त."

कार्यक्रम संपला. लोक पुढे जाऊन अप्रतिम, स्वर्गीय, शब्द नाहीत म्हणाले. ते सगळे पांगेपर्यंत काका थांबले. मग पार्सल छातीशी धरून व्यासपीठाजवळ गेले. मी मागे, हेल्मेट घेऊन. माझ्या मनात एकदाच येऊन गेलं की आज काका थोडं खोटं बोलले तरी मी खोली सोडणार नाही.

मधूकाकांनी वरून पाहिलं. "किती फुटके?"

"चार," काका म्हणाले.

"मांगं सहा होते."

"म्हनून तं सांगून राहिलो."

"तोंडावर बोलतो तं बोल ना गा," मधूकाका म्हणाले. "माईकवर काहून?"

"मले काय मालूम थो मुडदा वाचून दाखवीन? मी तुह्यासाठी लिवलं होतं. माह्या बापानं लुगडं गिऱ्हाईकाले द्याच्या आंधी उन्हात धरलं, सुटलेला धागा आपन होऊन दाखवला. तुह्या बापानंही दाखवला. तुले मी काय परका समजू, का चांगलं चांगलं म्हनून घरी जाऊ?"

आणि त्यांनी पार्सल पुढे केलं.

मधूकाकांनी त्यावरचं नाव वाचलं. व्यासपीठाच्या कडेवर बसून शिवण उसवली. आत बिल्ट्यांच्या कार्बन प्रती होत्या, चार वर्षांच्या, सुतळीने गठ्ठे बांधलेले. प्रत्येक सिनेमा, प्रत्येक पुस्तक, सतारीची ती मैफलसुद्धा. माल घेणार: मधू पौनीकर. आणि सिनेमांच्या प्रत्येक प्रतीवर, वरच्या कोपऱ्यात, दोन खुर्च्यांचे नंबर. दुसऱ्या नंबरापुढे एकच शब्द: गैरहजर.

ते वाचत राहिले. एकदा खुदकन हसले. "वजन तीन तास," ते स्वतःशी म्हणाले, "आत माल नाही." बहिणींच्या सिनेमापाशी थांबले. "ओल कायची गा?"

"रस्त्यात लागते," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

सभागृहाचा माणूस दिवे घालवायचे आहेत म्हणून दोनदा येऊन गेला. मधूकाकांनी सगळ्यात वरची बिल्टी उलटी केली. "पेन दे."

"तूनंच सांगतलं घरी ठेव म्हनून."

मी माझा पेन दिला. त्यांनी गुडघ्यावर कागद धरून सावकाश लिहिलं, जराही न पळता. लिहून काकांच्या हातात दिलं. त्यावर होतं: "चार वर्षं पडून. बाहेरून धूळ. आत माल सुस्थितीत मिळाला." खाली सही.

काकांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि पेन नसलेल्या खिशात ठेवलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागच्या रांगेत होते. सिनेमा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही, कारण पुढे दोन म्हातारे पहिल्या दृश्यापासून भांडत होते. एक म्हणत होता नायिका पळून जाणार, दुसरा म्हणत होता, तू चूप बस ना गा. हेल्मेट काकांच्या मांडीवर होतं. त्यामुळे सिनेमा संपेपर्यंत त्यांना बिल्टी ठेवून शेरा लिहायला जागाच मिळाली नाही.