भारी टायरचा माग

अंगणात नवे टायर उतरले तेव्हा बापूजी भांडेकरांनी ते आधी स्वतः मोजले, मग हमालाकडून मोजून घेतले, आणि मग बायकोला, गोकुळाबाईंना, स्वयंपाकघरातून बोलावून त्यांनाही मोजायला लावले. तिन्ही वेळा सातच भरले. तरी हमाल निघून गेल्यावर बापूजींनी पुन्हा एकट्याने मोजून पाहिले. चामोर्शीत लोक म्हणत, संशय हाच बापूजींचा मुख्य धंदा, ट्रक नुसता जोडीला आहे.

ट्रक एकच होता. घोटकडच्या जंगलातून बांबू भरायचा आणि वडशाच्या रेल्वेवर नेऊन टाकायचा. बारा वर्षे तो डोमा नावाचा ड्रायव्हर चालवत होता, आणि बारा वर्षे तो रबड चढवलेल्या जुन्या टायरांवर चालला होता. हे टायर मात्र भारीतले, साध्या टायरच्या दीडपट किमतीचे. चांद्याच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते, की असा सेट अख्ख्या जिल्ह्यात पहिलाच, आणि तो तुमच्या दारी चालला. त्याने टायरवरची नक्षीही दाखवली होती. बाणामागे बाण आणि मध्ये चौकट. ही नक्षी दुसऱ्या कुठल्याच टायरला नाही म्हणे.

डोमाने टायरभोवती एक फेरी मारली, अंगठ्याने रबर दाबून पाहिले आणि मान हलवली.

"टायर चांगले आहेत, मालक. पन हे सडकेचे आहेत. आपल्याले जंगलात बांबूच्या खुंटांतून जावं लागते. खुंट काई टायरची किंमत इचारून घुसत नाई."

झाले. बापूजींच्या डोक्यात किडा वळवळला. ट्रक माझा, पैसे माझे, मग याचे पोट का दुखते? मालकाने चांगली वस्तू घेतली तर नोकराने खूश व्हावे. जो होत नाही, त्याचा काहीतरी डाव असला पाहिजे. त्या दिवसापासून ट्रक जंगलातून आला, की बापूजी चहाच्या आधी टायरांकडे जात, खाली वाकून नक्षीवर बोट फिरवत आणि सातही टायरांवर केलेल्या चुन्याच्या खुणा तपासत. डोमा बाजूला उभा राहून बिडी ओढत असे. तो काही बोलत नसे, आणि हेही बापूजींना खटकत असे.

महिनाभर असा गेला. पुढच्या आठवडी बाजारात बापूजी गोकुळाबाईंबरोबर भाजीला गेले. वांग्यांचा भाव करताना त्यांची नजर सहज खाली गेली आणि तिथेच खिळली. धुळीत बाणामागे बाण उमटले होते, मध्ये चौकट. चाकाचा लांब पट्टा नव्हता. वीतभर तुकडा, मग मोकळी जागा, मग दुसरा वीतभर तुकडा. एक उजवा, एक डावा.

टायरच्या वाहाणा. माझ्या टायरच्या!

बापूजींनी वांगी तिथेच टाकली आणि कमरेत वाकून ते ठशांमागे निघाले. वाटेत कुणीतरी विचारले, काय हरवले? बापूजींनी उत्तर दिले नाही. त्यावरून लोकांनी ताडले, की वस्तू मोठी असणार. एकाने अंगठी म्हटले, दुसऱ्याने गोफ केला. घटकाभरात पन्नासेक माणसे वाकून बाजाराची धूळ चाळू लागली, आणि पन्नास जणांच्या शंभर पायांखाली बापूजींचे बाण पार पुसून गेले.

आता एकच राहिले. ट्रक बाजाराच्या टोकाला बांबू भरून उभा होता. सोमवारी वडशाला वॅगन लागायची होती. तेवढा माल वेळेवर पोचला नाही, तर बांबूचे काम दुसऱ्याकडे जाणार, हे ठेकेदाराने स्पष्ट बजावलेले. बापूजींनी धापा टाकत टायर मोजले. सहा खाली, एक जादाचा वर. सातही जागेवर. चुन्याच्या खुणाही जागेवर. दुसरा माणूस इथे निवांत झाला असता. बापूजींचा मात्र संशय इथेच पक्का झाला. सात आहेत म्हणजे याने असली काढून नकली बसवले. खूण पाहून खूण करायला काय लागते?

"डोमा, असली टायर कोनाले इकले?"

ते हळू बोलले असते तरी चालले असते. पण मागे अंगठी शोधणारी सगळी गर्दी आली होती. डोमाने एकदा मालकाकडे पाहिले, एकदा गर्दीकडे. गर्दीत त्याची बायको गिरजा होती, सोयरे होते. त्याचा चेहरा काळवंडला. त्याने सीटखालचे गाडी सुरू करायचे लोखंडी हँडल काढून बापूजींच्या पायाशी ठेवले.

"बारा वर्सं गाडी चालवली तुमची. आता तुमीच चालवा," एवढेच म्हणून तो घराकडे चालू लागला.

बापूजींना बैलगाडीही धड हाकता येत नव्हती. पण माघार कशी घेणार? पुरावा हाती आला की सगळ्यांची तोंडे बंद होतील, असे त्यांनी ठरवले. मध विकायला आलेला सुकलू तिथेच बसला होता. सुकलू जंगलातल्या गावचा. अस्वल कुठून आले, कुठे गेले आणि काय खाऊन गेले, हे तो जमिनीकडे पाहून सांगत असे. बापूजींनी त्याचा सगळा मध विकत घेतला आणि त्याला कामाला लावले.

सुकलूने बाजाराच्या कडेने एक वळसा घातला. जिथे गर्दी पोचली नव्हती, तिथे तो उकिडवा बसला.

"बाई आहे," तो म्हणाला. "डोक्यावर वजन आहे. आन् रागात चालली आहे."

राग कशावरून, असे बापूजींनी विचारले. सुकलूने टाचेचा खड्डा दाखवला. बापूजींना पटले. चोरीच्या मालावर चालणारी बाई भांडखोर असणारच, असेही ते म्हणाले. मग पुढे सुकलू, त्यामागे बापूजी आणि त्यामागे सगळा बाजार, अशी वरात निघाली. माग तळ्याच्या पाळीवरून गेला, देवळामागून वळला, एका ओळखीच्या गल्लीत शिरला, एका ओळखीच्या कुंपणातून आत गेला आणि बापूजींच्या स्वतःच्या परसात जाऊन थांबला.

गोकुळाबाई टोपली उतरवून पाय धूत होत्या. शेजारी वाहाणांचा जोड पालथा पडला होता. बाणामागे बाण, मध्ये चौकट.

"मी तिथी हाका मारून राह्यली, का टोपली उचलू लागा," त्या म्हणाल्या. "अन् तुमी जमिनीत तोंड खुपसून फिरून राह्यले. आता हे सारं गाव घेऊन काऊन आले?"

वाहाणा कुठून आणल्या, असे बापूजींनी विचारले. गोकुळाबाईंनी गर्दीकडे बोट केले. टायरच्या वाहाणा करणारा लच्छू वडशाहून दर बाजाराला येत असे. अंगठीच्या आशेने तोही मागून आला होता. तो बिनधास्त पुढे झाला. टायर आलापल्लीकडच्या एका ठेकेदाराचे, त्याने सांगितले. मागच्या उन्हाळ्यात त्या ठेकेदाराने असाच सेट घेतला होता. दोन महिन्यांत खुंटांनी सगळे फोडले.

म्हणजे जिल्ह्यातला पहिला सेट बापूजींचा नव्हताच. छातीवर हात ठेवणारा दुकानदार त्यांच्या डोळ्यांपुढे आला. जन्मभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, आणि विश्वास टाकला तो नेमका त्या माणसावर.

"पन टायर झकास, बापूजी," लच्छू त्यांची समजूत घालत म्हणाला. "वरचं रबड झिजतच नाई. झिजाच्या आधी फुटते. मनून तर मी हाच टायर पाहून घेतो. साध्या टायरची वाहान दोन पावसाळे, याची जन्मभर. दाम दीडपट लावतो, पन वसूल आहे."

"वसूल आहे," गोकुळाबाईंनीही सांगितले.

बापूजी त्याच पावली डोमाच्या घरी गेले. गिरजाने पाणी दिले, बसा म्हटले नाही. चूक झाली, हे दोन शब्द त्यांच्या घशाशी आले आणि तिथेच अडकले. बापूजींना खरोखर लाज वाटत होती, पण ती बोलून दाखवायची सवय नव्हती. त्यांनी वॅगनचा विषय काढला. डोमाने बिडी विझवली.

"येतो," तो म्हणाला. "पन गाडीत माह्या बाजूले तुमी बसाचं. दर खेपेले. मंग टायरचं काई झालं तर तुमच्या डोळ्यांदेखत होईन."

अशा रीतीने सोमवारची वॅगन वेळेवर भरली, आणि बापूजींची हाडे खिळखिळी होऊ लागली. चामोर्शी ते जंगल, जंगल ते वडसा. प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेने मोजला. डोमा सांभाळून चालवत होता, हे त्यांना आता दिसत होते. खुंट दिसला की तो गाडी कशी अलगद वळवतो, उतारावर कसा श्वास धरतो, हे बारा वर्षांत ते प्रथमच पाहत होते. पण बोलणे दोघांतही नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात पाचोळ्याखाली दडलेला एक खुंट मागच्या चाकात घुसला. टायर आडवा फाटला. वरची नक्षी कालच आणल्यासारखी कोरी होती. डोमाने चाक काढून बाजूला ठेवले नाही तोच जवळच्या पाड्यावरची माणसे गोळा झाली. कुणी काही विचारले नाही. एकेक जण पुढे येऊन टायरवर आपले पाऊल ठेवून मापू लागला. मंगली नावाच्या म्हातारीने तर दोन्ही पाय ठेवून जागाच धरली.

बापूजी खाली उतरले. तीन आठवडे घशात अडकलेले आज काहीतरी करून बाहेर काढायचे, असे त्यांनी ठरवले. सगळ्यांना हाताने बाजूला करत ते मोठ्याने म्हणाले, "थांबा. या टायरचा पयला जोड डोमाले करून देईन मी."

सगळे डोमाकडे पाहू लागले. डोमा नट आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"मले नोको, मालक," तो शांतपणे म्हणाला. "मी कुठी कुठी जातो, ते तुमाले समजून जाईन."