परत आलेली गोळी

एका जंगलात केतकी नावाची शेकरू राहत होती. राहत होती म्हणजे, मुलांनो, तिचं झाड तिथे होतं आणि तिची आई तिथे होती. ती स्वतः शिकायला फार लांब, बर्फाच्या जंगलात गेली होती.

शिक्षण संपल्यावर ती परत आली. तिकडेच राहिली असती तर सगळ्यांना तिचा अभिमान वाटला असता. परत आली म्हणून सगळे काळजीत पडले.

तिने सोबत एक रिव्हॉल्वर आणलं, काडतुसं भरायचं एक हातयंत्र आणलं आणि एक नियम आणला.

शेजारचे रानडुक्कर धोंडूकाका चौकशीला आले. रिव्हॉल्वरकडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही, काका. कागदाला."

काकांनी रिव्हॉल्वर हुंगून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कागदानं तुझं काय वाकडं केलं गं?"

केतकीने समजावून सांगितलं. हा खेळ आहे. कागदावर गोल काढायचे, लांब उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि मधल्या गोलात गोळी घालायची. ज्याचे नेम चांगले, तो जिंकतो. काकांनी विचारलं, जिंकल्यावर तो कागद खायला मिळतो का. केतकी नाही म्हणाली. काकांना तिच्या आईची दया आली.

पण केतकी पेटलेली होती. या खेळाने जंगल बदलेल, असं तिला मनापासून वाटत होतं. लोक एका जागी स्थिर उभे राहायला शिकतील. आपला नेम चुकला तर दुसऱ्याला शिव्या देणार नाहीत.

जंगलाच्या कडेला दगडांची एक जुनी खाण होती. मागे उंच दरड, पुढे सपाट जागा. चुकलेली गोळी दरडीत जाऊन बसायची, कुणाला लागायची भीती नव्हती. तिथे तिने मंडळ सुरू केलं. आधी बारकू नावाचा उंदीर आला. मग साळिंदरमावशी आली. मग, कागदाचा राग काढायला म्हणून, धोंडूकाकाही आले. सशाला कान झाकायला सांगितलं तेव्हा त्याचा अर्धा दिवस त्यातच गेला, पण तोही टिकला.

तरुण लांडग्यांना मात्र रिव्हॉल्वर आवडलं नाही. सहाच गोळ्या? हे तर आजोबांच्या काळातलं, असं ते म्हणाले. केतकी म्हणाली, सहाच, म्हणून तर मजा आहे. सहा झाडायच्या, काडतुसांचं चक्र उघडायचं, रिकाम्या पुंगळ्या हातात पाडायच्या, नवी सहा बसवायची आणि चक्र मिटायचं. स्पर्धा तिथेच जिंकली किंवा हरली जाते. नेम पुष्कळांचा बरा असतो. भरताना मात्र हात थरथरतात.

रिकाम्या पुंगळ्या कुणी फेकत नसे. साळिंदरमावशी त्या चिंचेने घासून देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत करायची. मग केतकी यंत्रावर बसून त्या पुन्हा भरायची. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मापाने दारू, वर शिशाची गोळी, की यंत्राचा दांडा खाली. भरताना ती कुणाशी बोलत नसे.

तसं कारणच होतं. एखाद्या पुंगळीत दारू घालायची राहिली तर नुसती टोपी फुटते. 'ठो' न होता 'फुस्स' होतं. गोळी नळीत अर्ध्या वाटेवर अडकून बसते. हे ओळखून थांबलं तर काही बिघडत नाही. न थांबता पुढची झाडली तर नळी फुटते आणि झाडणाऱ्याचा पंजा जातो.

म्हणून तो नियम होता. खाणीवर कुणीही 'थांबा' म्हटलं, की सगळ्यांनी थांबायचं. ऐकणाऱ्यांनी तो शब्द मोठ्याने पुढे म्हणायचा. का थांबायचं, हे मागाहून विचारायचं. म्हणणारा उंदीर असो, थांबणारा कुणीही असो.

केतकीला रिव्हॉल्वरपेक्षा हा नियम जास्त आवडायचा. असा नियम त्या जंगलात आजवर झाला नव्हता. पहिल्यांदा बारकूने 'थांबा' म्हटलं आणि धोंडूकाका थांबले, त्या दिवशी बारकू घरी जाताना दोन पायांवर चालत गेला.

मंडळ छान चाललं होतं. त्या जंगलात छान चाललेल्या गोष्टीला अध्यक्ष लागतो. वाघमहाराज अध्यक्ष झाले.

ही बातमी घेऊन प्रधान आले. प्रधान कोल्हा होते. ते म्हणाले, मोठी स्पर्धा घ्या, महाराज स्वतः भाग घेतील. त्यांना आनंद झाला, तर खाण कायमची मंडळाच्या नावे होईल. आनंद झाला नाही, तर काय होईल ते प्रधानांनी सांगितलं नाही. ते खाणीच्या दरडीकडे बघून नुसते म्हणाले, "दगड चांगला आहे हो इथला."

केतकीने महाराजांच्या पंज्याला बसेल असं मोठं रिव्हॉल्वर बर्फाच्या जंगलातून मागवलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वेळी, ती महाराजांची काडतुसं भरत होती. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात झाडाखाली गडबड झाली. प्रधान आले होते. सोबत शाल होती, श्रीफळ होतं, फोटो काढणारा कावळा होता. जंगलाच्या लेकीचा सत्कार करायचा होता.

केतकी उठली नाही. तिने मान हलवून थोडं थांबायला सांगितलं.

आई कानाशी येऊन पुटपुटली, "अगं, दारात पाहुणे उभे आणि तू बसलीस? हेच शिकलीस का तिकडे?"

केतकी उठली. शाल घेतली, नारळ घेतला. फोटो नीट आला नाही म्हणून शाल पुन्हा घेतली. चहा झाला. प्रधानांनी पोहे नको नको म्हणत दोनदा घेतले. मग ती यंत्राशी परत बसली, आणि आपण कोणत्या पुंगळीवर होतो ते तिला आठवेना.

बर्फाच्या जंगलात तिने सगळी काडतुसं बाजूला काढली असती आणि पहिल्यापासून सुरुवात केली असती. पण प्रधान मखमलीची पेटी उघडून उभेच होते. ते म्हणाले, "झालंच असेल ना? महाराज वाट बघतायत."

केतकीने अंदाजानेच उरलेल्या पुंगळ्यांवर गोळ्या बसवल्या. "झालंच," ती म्हणाली.

पेटी गेली. शाल मऊ होती, पण केतकीला ती दिवसभर टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी खाणीवर मांडव पडला. पुढे सोफा, मागे खुर्च्या, त्यामागे जंगल. पोपटाच्या हातात माइक होता. लक्ष्यामागे परीक्षक म्हणून एक वानर बसवलं होतं. परीक्षक लक्ष्याच्या मागे का, असं केतकीने विचारलं. तिथून भोक जवळून दिसतं, असं उत्तर मिळालं. वानराच्या हातात बाभळीचा काटा होता. तो कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

महाराज उभे राहिले. त्यांनी रिव्हॉल्वरचा घोडा मागे ओढला आणि पहिली गोळी झाडली. ठो. दरडीतला एक दगड फुटला. वानराने लगबगीने कागदाला काटा टोचला.

"मधोमध," पोपट म्हणाला. टाळ्या झाल्या.

दुसरी गोळी. ठो. मांडवाचा एक खांब हलला. "पुन्हा मधोमध," पोपट म्हणाला. टाळ्या वाढल्या.

तिसरी गोळी. फुस्स.

क्षणभर सगळे गोंधळले. मग प्रधान उठून म्हणाले, "प्रजेच्या कानांना त्रास नको, म्हणून महाराजांनी हा बार हळू काढला." वानराने काटा टोचला. टाळ्यांनी मांडव दणाणला. महाराज खूश झाले आणि त्यांनी पुन्हा घोडा मागे ओढला.

केतकीला कळलं. गोळी नळीत होती. तिनेच भरलेल्या, किंवा न भरलेल्या, काडतुसाची होती. बोललं तर चूक आपली ठरणार आणि खाण जाणार. नाही बोललं तर महाराजांचा पंजा जाणार.

तिने मंडळाच्या लोकांकडे पाहिलं. 'फुस्स' म्हणजे काय, ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. साळिंदरमावशी जमिनीकडे बघत होती. सशाने कान झाकले होते. धोंडूकाका टाळ्या वाजवत होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते.

"थांबा," केतकी म्हणाली.

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. आता ऐकू गेलं, पण कुणी पुढे म्हटलं नाही. फक्त बारकूने तोंड उघडलं, आणि शेजारच्या मांजराकडे बघून मिटलं.

तेव्हा केतकीने उडी मारली. खांबावरून मांडवावर, मांडवावरून थेट महाराजांच्या पंज्यावर. चाप ओढला गेला होता. घोडा पडत होता. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये तिला एकच गोष्ट घालता आली. तिने आपलं शेपूट घातलं.

घोडा शेपटावर पडला. आवाज झाला नाही. केतकीचा झाला.

महाराज आपल्या रिव्हॉल्वरमध्ये अडकलेल्या शेपटाकडे बघत राहिले. त्यांच्या अंगावर आजवर कुणी उडी मारली नव्हती, त्यामुळे अशा वेळी काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"महाराज," केतकी कळवळत म्हणाली, "तिसरी गोळी नळीत अडकली आहे. काडतुसात दारू घालायची राहिली. चूक माझी आहे."

प्रधान पुढे आले. ते अतिशय शांतपणे म्हणाले, "गोळी नळीत कशी असेल? कागदाला तर भोक आहे."

सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं. भोक होतं. खरं म्हणजे मधोमध तीन भोकं होती.

केतकीने शेपूट सोडवलं, चक्र उघडून काडतुसं काढली आणि नळीत एक सरळ काठी घालून ठोकली. शिशाची गोळी टपकन खाली पडली आणि महाराजांच्या पायाशी घरंगळत गेली.

वानराने काटा हळूच तोंडात टाकला.

आता मोठीच अडचण झाली, मुलांनो. गोळी खरी, तर भोक खोटं. भोक खोटं, तर आधीची भोकंही खोटी. आणि भोकं खोटी, तर टाळ्या कसल्या? सगळं जंगल प्रधानांकडे बघू लागलं. केतकीलाही वाटलं, आता खरं बोलण्यावाचून यांना गत्यंतर नाही. तिला शेपटाची कळ सोसवेना, तरी थोडा आनंद झाला.

प्रधानांनी गोळी उचलली. रुमालात घेतली. कपाळाला लावली.

"महाराजांची गोळी," ते म्हणाले, "लक्ष्य भेदून घरी परत आली."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि असा जल्लोष झाला की दरडीची माती घसरली. महाराजांनीही गोळीकडे नव्याने पाहिलं. आपण हे मुद्दाम केलं, असं त्यांना हळूहळू आठवू लागलं.

केतकी पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की चूक तिची आहे. प्रधानांनी तिला बाजूला घेतलं. त्यांनी समजावलं, की महाराजांच्या पराक्रमाला स्वतःची चूक म्हणणं हा गुन्हा आहे. पण वय लहान आहे आणि शिक्षण बाहेर झालं आहे, म्हणून या वेळी सोडून देऊ.

महाराजांना पहिलं बक्षीस मिळालं. खाण कायमची नावे झाली. मंडळाच्या नव्हे, गोळीच्या. तिथे परत आलेल्या गोळीचं स्मारक उभं राहिलं आणि त्यासाठी दरडीचा दगड फोडायचं काम प्रधानांच्या मेहुण्याने श्रद्धेने केलं. बिनदारूची काडतुसं भरून देण्याची केतकीला आज्ञा झाली. ती तिने पाळली नाही, तेव्हा ते काम लांडग्यांनी घेतलं. आता जंगलात सगळेच मधोमध मारतात. वानरांना पुष्कळ नोकऱ्या मिळाल्या. 'थांबा' हा शब्द म्हणण्याचा अधिकार फक्त प्रधानांना राहिला, तोही लेखी.

केतकीने परत जावं, असं सगळ्यांनी सुचवलं. ती गेली नाही. ओढ्यापलीकडे एक अडचणीची घळ आहे, तिथे ती काही दिवसांनी पुन्हा दिसू लागली. शेपटाला मध्येच वाक आला होता. साळिंदरमावशी चिंच घेऊन आली. धोंडूकाका आले आणि कुणाकडेही न बघता कागद टांगू लागले. झाडाखाली आता आई बसते. केतकी यंत्रावर असली आणि पाहुणे आले, तर आई त्यांना खालीच चहा देते आणि म्हणते, "ती उठायची नाही हो. रागावू नका, किंवा रागवा."

एका सकाळी केतकी नेम धरून उभी होती. श्वास रोखला होता. चाप अर्धा ओढला होता. असा नेम तिला फार दिवसांत लागला नव्हता.

"थांबा," मागून बारीक आवाज आला.

केतकी थांबली. "थांबा," मावशी म्हणाली. "थांबा," धोंडूकाका म्हणाले, आणि या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. तिने रिव्हॉल्वर खाली केलं, चक्र उघडलं, काडतुसं काढली. मग वळून पाहिलं. बारकू दोन पायांवर उभा होता.

"काय झालं रे?"

"काही नाही," बारकू म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी वाजलं. चुकलं माझं."

केतकीने नळी तपासली. नळी स्वच्छ होती. नेम गेला होता, सकाळ फुकट गेली होती, आणि तिचं वाकडं शेपूट आनंदाने नुसतं उडत होतं.

तात्पर्य: मुलांनो, नेम शिकत बसू नये, त्यात फार वेळ जातो. लक्ष्यामागे बसणाऱ्या वानराशी ओळख ठेवावी. स्वतःची चूक कबूल करण्याआधी ती वर कुणाचा पराक्रम ठरली आहे का, याची चौकशी करावी. आणि इतकं सांगूनही कुणाला 'थांबा' म्हणायचंच असेल, तर आधी आपल्या शेपटाचा नीट विचार करावा. नंतर म्हणावं.