दुखणं ओमुरकुलचं, कातडं तोरोचं

सकाळच्या चहाला बसल्यावर ओमुरकुलने सदरा वर करून पोट खाजवलं, तिथेच त्याचा घात झाला. समोर तुर्दुकान आपा बसल्या होत्या. त्या त्याच्या बायकोच्या मावशी, आणि गावाच्या विनापदवी डॉक्टर.

"अगंबाई! हे लाल लाल काय उठलंय?"

"उन्हाचं असेल, आपा."

"खरं सांगा ना, अहो," बायको बुरुल म्हणाली. "आपा, पुरळ आहे, अंग ठणकतंय, चार पावलं चालले की दमतात. पण कामाचं नाव काढलं की हे एरवीही दमतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही."

आपांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग खिडकीतून अंगणात पाहिलं. तिथे तोरो उभा होता. हा काळा एडका ओमुरकुलने बाटलीने दूध पाजून वाढवला होता, आणि रोज संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तो त्याला विंचरायचा. बुरुलच्या नशिबी असले लाड कधी आले नाहीत.

"अंगात गारठा शिरलाय," आपांनी निकाल दिला. "काळ्या एडक्याच्या ताज्या कातड्यात गुंडाळायचं. गरम गरम पाहिजे."

"आणि मटण?" बुरुलने विचारलं.

"आम्ही आहोत ना."

"मला काहीही झालेलं नाही!" म्हणत ओमुरकुल ताडकन उठला आणि ते सिद्ध करायला लाकडं फोडू लागला. मग त्याने शेजाऱ्याचं कुंपणही नीट केलं. झालं! ओमुरकुल काम करतोय म्हणजे आजार डोक्यात गेला, अशी गावाची खात्री पटली. दुपारपर्यंत नातेवाईक आजाऱ्याला बघायला जमले. येताना सुऱ्या आणि मोठं पातेलंही आणलं होतं. आपा तर तोरोच्या शेपटीखाली हात घालून चरबीचा अंदाज घेत बसल्या.

"ठणठणीत आहेस ना? मग ये कुस्तीला," मेहुणा म्हणाला.

माघार घेतली तर तोरो गेला. ओमुरकुल उतरला आणि हात लागायच्या आतच आडवा झाला. सदरा फाटला. पुरळ गळ्यापर्यंत चढलेलं सगळ्यांनी पाहिलं. मेहुण्याने सुरी उचलली. ओमुरकुलने रांगत जाऊन एडक्याच्या गळ्याला मिठी मारली. "आधी मला कापा!"

त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं पाहून मात्र बुरुल घाबरली. तिने शेजाऱ्याची गाडी आणवली. ओमुरकुल तोरोला या लोकांत सोडून जायला तयार होईना, म्हणून मागच्या सीटवर एडकाही बसला.

"हा कोण?" तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोबत आलाय."

बाईंनी ओमुरकुलच्या काखेतली काळी खपली पाहिली. मग तोरोची लोकर बाजूला केली. आत गोचिडी गच्च भरल्या होत्या.

"गोचिडीचा ताप आहे हा. पुरळ, ठणका, थकवा, सगळं त्याचंच. इतका वेळ काय करत होतात?"

"लाकडं फोडत होतो."

"आता या गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या आणि पडून राहायचं. एडक्याला औषधाची अंघोळ घाला."

"आणि याच्या कातड्यात गुंडाळलं असतं तर?" बुरुलने विचारलं.

"गोचिडींना माणूस घरपोच मिळाला असता."

घरी पातेलं चुलीवर चढलेलंच होतं. बुरुलने गोचिडींची हकीकत सांगताच पाहुण्यांना आपापल्या घरची कामं आठवली. मेहुणा तर सुरी विसरूनच गेला. आपा तेवढ्या मागे राहिल्या, मनगट बाहीत लपवून.

"ओमुरकुल," त्या हळूच म्हणाल्या, "ही गोचीड चावली की लगेच दिसते का रे?"

ओमुरकुलने उशीवरून मान वर केली. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"घाबरू नका, आपा. तुमच्या घरी काळी मेंढी आहे ना? गरम गरम कातडं—"

"माझ्या मेंढीला हात लावशील तर याद राख!" आपा कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई किती वाजेपर्यंत बसतात, तेवढं सांग."