रुंदी सांगायची राहिली

मनोहरकाकांच्या घरात काही वाईट बोलायचं असेल, तर आधी चपला घालाव्या लागत. मग रस्त्यावर यायचं, मागे फाटक लावायचं आणि मगच काय ते बोलायचं. वास्तू सगळं ऐकत असते आणि प्रत्येक गोष्टीला 'तथास्तु' म्हणते, हे लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं. आपण ते विसरतो. काकांनी फरीदाबादच्या कारखान्यात जन्मभर ट्रॅक्टरचे नकाशे काढले, पण ते विसरले नाहीत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नोकरी नोएडात, सॉफ्टवेअर कंपनीत. ग्राहकाला नेमकं काय हवंय ते विचारून लिहून काढायचं, म्हणजे नंतर 'हे मी मागितलंच नव्हतं' असं त्याला म्हणता येऊ नये, हे माझं काम. तो म्हणतोच, हा भाग वेगळा. घर बघायला आलो तेव्हा काकांची अट ऐकून मी बायकोच्या, मृणालच्या कानात कुजबुजलो, "यार, म्हातारा जरा क्रॅक आहे." मागून काकूंचा शांत आवाज आला, "ते बाहेर जाऊन बोला हं."

तेव्हापासून आमची नवरा-बायकोची भांडणं रस्त्यावर. जानेवारीच्या थंडीत स्वेटर, कानटोपी, मोजे असं सगळं चढवून भांडायला उतरायचं म्हणजे अर्धा राग जिन्यातच निवायचा. समोरचे चौधरीजी खास खुर्ची बाहेर आणून बसत. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे, पण हरतंय कोण ते कळे. सकाळी भेटले की माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते उसासा टाकत.

मी स्वतःला फार विज्ञाननिष्ठ समजतो. तरी वर्षभरात बॉसला शिव्या द्यायलाही मी खाली उतरायला लागलो. घरात साखर संपली असं म्हणायची सोय नव्हती, 'साखर आणायची झाली' म्हणायचं. आपलं काय जातंय, असं मी मृणालला समजवायचो. 

आणि मग तो एक्सप्रेसवे आला. म्हणजे आधी नोटीस घेऊन एक कारकून आला. काकांनी त्याला आत येऊ दिलं नाही. "भाईसाहब, ये बात बाहर," म्हणून फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि तिथेच नोटीस वाचायला लावली. घर, अंगण, काकूंचा कढीपत्ता, सगळं रस्त्यात जाणार होतं. काका म्हणाले, "अच्छा," आणि त्याला चहा पाजला. चहासुद्धा बाहेरच.

पुढच्या आठवड्यात भिंतीवर लाल पट्टा ओढला गेला. घरात काका म्हणाले, "गंध लावलंय घराला."  काकू चपला घालून रस्त्यावर गेल्या आणि बराच वेळ एकट्याच उभ्या राहिल्या.

आता मी गप्प बसेन तर शपथ. हरकत आपण नोंदवू, काका, तुम्ही निर्धास्त राहा, म्हटलं. रात्री जागून मी रहदारीच्या आलेखांसकट प्रेझेंटेशन केलं. सुनावणीच्या खोलीत पडदा सोडाच, चालू प्लगही नव्हता. साहेबांनी माझ्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, "इसमें दिखाना क्या है?" तेवढ्यात त्याची बॅटरी गेली. हरकत फेटाळायला त्यांना पंख्याचं बटण दाबण्याइतकाच वेळ लागला.

परत आल्यावर मी कट्ट्यावर डोकं धरून बसलो. काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, उगाच मनाला लावून घेऊ नकोस, हे माझंच केलेलं आहे.

मग त्यांनी सांगितलं. चाळीसेक वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हा इथे रस्ताच नव्हता. वास्तुशांतीला पाहुणे घोटाभर चिखलातून आले. काकू पाण्याची कळशी घेऊन येताना घसरून पडल्या. गुरुजींनी शेवटी सांगितलं, यजमान, मनातली एक इच्छा बोला.

"मी म्हटलं, माझ्या दारात चांगला पक्का रस्ता येऊ दे," काका म्हणाले. "वास्तूनं दिला. रुंदी सांगायची राहिली."

मला हसू आलं. काका हसत नव्हते. मुलगा कॅनडात, जवळचं माणूस म्हणजे एकट्या काकू, आणि त्यांचं घर आपल्या एका वाक्यानं गेलं, असं या माणसाला खरंच वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. अशा वेळी काय बोलावं ते आमच्या कंपनीत शिकवत नाहीत.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. दोघं फरीदाबादच्याच एका सेक्टरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होते, आम्ही नोएडात. काकू म्हणाल्या, "आत जाऊन काहीतरी चांगलं मागून या हो." काका उंबऱ्यापर्यंत गेले. तिथेच थांबले.

"नको," ते म्हणाले. "मला नीट मागता येत नाही."

ते येऊन टेम्पोत बसले. मी म्हटलं, माझा चार्जर राहिलाय वर. आणि चपला काढून आत गेलो.

रिकाम्या बैठकीत माझाच आवाज मला मोठा वाटला. ग्राहकाचं काम लिहून घेतो तसं एकेक कलम म्हणत गेलो. काका आणि काकू, दोघंही, एकत्र आणि बराच काळ. काकूंना कुंडी ठेवायला ऊन येईल अशी जागा. संध्याकाळी गप्पांना कोणीतरी शेजारी, भांडखोर असला तरी चालेल. काकांच्या मनातलं ते ओझं उतरू दे. रस्ता रिक्षा येण्यापुरता, त्याहून रुंद नको. 

बाहेर आलो. काकांनी खिडकीतून माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"मिळाला चार्जर?"

"मिळाला."

टेम्पो सुरू झाला. काका किंचित बाहेर वाकले आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "रुंदी सांगितलीस ना?"

"सांगितली, काका."